लाकडी माशांवरचा शेवटचा हात

ताईंना मासा म्हटलं की मळमळायचं. खाणं तर लांबच राहिलं, कुणाच्या पिशवीतून तो ओलसर वास आला तरी त्या रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. आणि अशा बाईच्या हाताखालून दोन वर्षांत साडेचारशे मासे गेले, हे ऐकून लोकांना हसू यायचं. लाकडी असले म्हणून काय झालं, मासेच ते!

ताई फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॉलिशच्या खात्यात होत्या. तिथे पाठीमागे सगळे त्यांना 'नाक' म्हणत. कपाटावर मारलेला पॉलिशचा हात वाळला की नाही हे बाकीचे बोट लावून बघायचे, ताई चार पावलांवरून वास घेऊन सांगायच्या, "अजून अर्धा तास. हात लावलास तर बोटाचा ठसा राहील, आणि तो तूच घासशील." नाक जितकं तिखट, तितकंच पटकन मुरडणारं. अर्धवट पुसलेला ब्रश, डब्याच्या काठावर वाळलेला रंग, पॉलिशमध्ये अडकलेला केस, असलं काही दिसलं की त्यांना शिसारी यायची. निवृत्त झाल्या तेव्हा खात्यातल्या लोकांना रडू आलं की हायसं वाटलं, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच गल्लीत राहायचा. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा, पण त्याचा जीव अडकला होता मासेमारीत. पन्नाशी उलटल्यावर त्याने दुकान सोडलं आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडाचे मासे कोरायला बसला. हे मासे दोरीला बांधून पाण्यातून ओढायचे. पोटाखाली गळ लटकलेला असतो. तळ्यातल्या मोठ्या माशाला वाटतं, आलं लहानसं खाद्य. तो झडप घालतो आणि अडकतो. कोरायचं कसब धाकट्याच्या बोटांत होतं यात शंका नाही. वीतभर हलक्या लाकडातून तो असा मासा काढायचा की ताईंना तो पोहतोयसं वाटून अंग शहारायचं.

एके सकाळी तो वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून त्यांच्या दारात आला. "ताई, जरा बघ ना. विकलेले सगळे असेच परत येतायत."

ताईंनी कागद उलगडला आणि रुमाल नाकाला लावला. आतला मासा पाणी पिऊन टम्म फुगला होता. अंगावरचा रंग सुटून दुधावरच्या सायीसारखा लोंबत होता आणि पोटाला गेलेल्या फटीत काहीतरी हिरवट, बुळबुळीत साचलं होतं. वास असा की ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उचल ते आधी! माझ्या टेबलावर काय ठेवतोस?" त्या म्हणाल्या. पण रुमालाआडून बघत राहिल्या. "थांब. कच्च्या लाकडावर रंग मारलास तू?"

"मग कशावर मारायचा?"

इथे खरा घोटाळा झाला. ताईंना माशाची किळस होती, पण कच्च्या लाकडावर मारलेल्या रंगाची त्याहून जास्त होती.

दुसऱ्या दिवशी त्या शेडमध्ये गेल्या आणि दारातच थबकल्या. चहाच्या कपात आठवडाभरापूर्वी कालवलेलं रेझिन, माशावर वरून द्यायचा काचेसारखा लेप, अजून चिकट होतं आणि त्यात सहा माशा पाय रुतवून मेल्या होत्या. ब्रश थिनरच्या बाटलीत उभे राहून दगड झाले होते. दोरीवर वाळत घातलेल्या प्रत्येक लाकडी माशाच्या नाकाखाली रेझिनचा एकेक थेंब गोठला होता, थेट शेंबडासारखा. धाकट्याने कौतुकाने एक मासा त्यांच्या हातात दिला. तो हाताला चिकटला आणि सुटताना 'चट्' असा आवाज झाला.

"हे लोकांना विकतोस?"

"जरा चिकट आहे. होईल कडक."

"जन्मात होणार नाही. हार्डनर किती घातलंस?"

"अंदाजाने."

"अंदाजाने," ताई म्हणाल्या. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

शेड धुवायलाच तीन दिवस गेले. मग ताईंनी नियम घातले. शेडमध्ये खरा मासा येणार नाही. मासा धरलेले हात धुतल्याशिवाय कुठे लागणार नाहीत. कोपऱ्यात पिचकारी मारायची नाही. धाकटा सगळ्याला हो म्हणाला, कारण त्याला गत्यंतर नव्हतं.

काम त्यांनी आपल्या पद्धतीने लावलं. कोरलेला मासा आधी जाड, मग मधल्या, मग बारीक पॉलिश पेपरने घासायचा. गळाच्या कड्यांसाठी भोकं आधीच पाडायची. मग पातळ सीलरने भरलेल्या बरणीत मासा बुडवून ठेवायचा, त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. बुडबुडा म्हणजे लाकडातली हवा. ती निघाली की तिच्या जागी सीलर जातो. वाळला की लाकडाचे तंतू उठतात, ते पुन्हा घासायचे, पुन्हा बुडवायचं. भोकांच्या आत काडीने वेगळं सील भरायचं, कारण पाणी नेहमी तिथूनच शिरतं. मग पांढरा हात. त्यावर धाकट्याचे रंग, खवले, डोळे. आणि सर्वांत शेवटी रेझिन आणि हार्डनर, काट्यावर समसमान तोललेले, फेस न येऊ देता हळूहळू कालवलेले. हा शेवटचा हात ताई स्वतः मारायच्या. मासा उभा टांगला तर रेझिन ओघळतं, म्हणून धाकट्याने शिलाई मशीनच्या जुन्या मोटरला कप्प्या लावून एक चक्र बनवलं होतं. त्यावर बारा मासे सावकाश गरगरत राहायचे. ताई प्रत्येकावर तोंडाची वाफ सोडायच्या, म्हणजे बारीक बुडबुडे फुटून जातात. मग धूळ बसू नये म्हणून वरून खोकं झाकायचं. दिवसभर उघडायचं नाही.

पोटावर, त्या काचेसारख्या थराखाली, त्या बारीक अक्षरांत महिना लिहायच्या. ती कारखान्यातली सवय. कुठल्या महिन्याचा माल बिघडला ते कळलं पाहिजे.

माल बिघडला नाही. एकही परत आला नाही. धाकट्याचे मासे म्हणजे दगडावर आपटा, वर्षभर पाण्यात ठेवा, रंग हलायचा नाही, असं लोक म्हणायला लागले. गळ अडकवणं आणि खोक्यात भरणं ही कामं धाकट्याच्या बायकोने घेतली. मासेमारी मंडळाने त्याचा सत्कार केला, तेव्हा तो म्हणाला की लाकडाची पाण्याची भीती घालवायची एक युक्ती मला सापडली आहे. ताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी भावजय.

"वन्सं," भावजय हळूच म्हणाली, "तुम्हीच का ती युक्ती?"

"मीच ती," ताई म्हणाल्या. "बस गप्प."

राग त्यांना आला नाही. धाकटा असाच होता, लहानपणापासून.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं आणि एका दुपारी तळ्याचा राखणदार शेडच्या दारात आला. उंच, वाळका माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ताई मागे सरकल्या. हा वास नुसत्या माशाचा नव्हता.

"हा तुमचा का?" त्याने विचारलं आणि पिशवी उलटी केली.

पाणकावळा होता. काळा, लांब मानेचा पक्षी, पाण्यात बुडी मारून मासे धरणारा. पोट फुगून फुटलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. डोळ्यांच्या जागी खळगे. चोच उघडी, आणि घशातून एक लाकडी मासा अर्धा बाहेर आलेला. त्याच्या पोटाखालच्या तीन तोंडांच्या गळाचं एक टोक पक्ष्याची मान भेदून बाहेर निघालं होतं, दुसरं जिभेत रुतलं होतं.

"दोरी झाडाला गुंतली होती," राखणदार म्हणाला. "उलटा टांगलेला होता. मेला असेल तीनचार दिवस तडफडून."

धाकट्याने पक्कड घेतली आणि मासा ओढून काढला. कसा निघाला ते ताईंनी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. मग त्याने तो नळाखाली धरला, फडक्याने पुसला आणि ओरडला, "ताई! अगं बघ तरी! एक चरासुद्धा नाही!"

ताईंनी बघितलं. मासा लखलखत होता. पोटावरची अक्षरं सांगत होती, आठ महिन्यांपूर्वीचा. नजर आपोआप कड्याच्या भोकाकडे गेली. कोरडं. पाण्याचा डाग नाही, लाकूड फुगलं नाही. आणि क्षणभर, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत, ताईंना बरं वाटलं. काम चोख झालंय, एवढंच मनात आलं.

पुढच्याच क्षणी अळ्या दिसल्या. ताई शेडमागे गेल्या आणि भिंतीला धरून ओकल्या.

परत आल्या तेव्हा धाकटा मोबाइलवर फोटो काढत होता. मासा पुढे, पक्षी मागे. "मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. काय लिहू माहितीय? 'पक्षी सडला, मासा नवाच!' " तो हसला. राखणदाराकडे बघून म्हणाला, "काय, जमलं ना?"

राखणदार हसला नाही. त्याने पक्षी पिशवीत भरला आणि निघाला. ताईंना वाटलं, त्याने आपल्याकडे बघितलं. कदाचित बघितलंही नसेल.

त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पुढचे दोन दिवस चहासुद्धा कडू लागला. भावाचा संताप आला असता तर बरं झालं असतं, तो निवतो. पण राहून राहून आठवायचं ते ते भोक, आणि ते बघून झालेला आनंद. एवढा सडका जीव समोर पडलेला आणि आपण आधी काय बघितलं? त्या आंघोळ करायच्या, पुन्हा हात धुवायच्या, आणि तरी स्वतःचाच वास आल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या तळ्यावर गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

राखणदार काठावरच्या खोलीत होता. "बाई, तुम्ही?" तो म्हणाला. "इथे फार घाण आहे."

"म्हणूनच आलेय. दाखवा."

पाणी उतरलेल्या जागी काळा चिखल होता आणि त्यात पाय घोट्यापर्यंत जायचा. पाय उपसला की आतून सडक्या अंड्यासारखा वायू सुटायचा. वाळलेल्या झुडपांवर दोऱ्यांची जाळी लोंबत होती. कुठे प्लास्टिकचे मासे, कुठे शिशाच्या गोळ्या, कुठे गळाला अडकून वाळलेला खऱ्या माशाचा नुसता सांगाडा. आणि मधूनमधून धाकट्याचे मासे. बाकी सगळं कुजलेलं, गंजलेलं, शेवाळलेलं. तेवढे मात्र दुकानातल्यासारखे. ताईंनी सात गोळा केले. प्रत्येकाच्या पोटावर त्यांचं अक्षर.

"तिकडे!" राखणदार एकदम म्हणाला.

पाण्याच्या कडेला एक पाणकावळा फडफडत होता. एक पंख दोरीने खोडाला बांधल्यासारखा. जवळ गेल्यावर दिसलं, पंखाच्या मुळाशी गळ शिरला होता आणि गळावर हिरव्या पाठीचा लाकडी मासा हिंदकळत होता. हिरवी पाठ गेल्याच महिन्याची होती. ताईंना ती ओळखायला अक्षर वाचायची गरज नव्हती.

"मला दोन्ही हात लागतील," राखणदार म्हणाला. "धराल का? मान एका हाताने, अंग छातीशी दाबून. चोच डोळ्याला लागू देऊ नका."

ताईंनी अंगातला कारखान्याचा जुना कोट काढला, पक्ष्यावर टाकला आणि त्याला उचलून छातीशी धरलं. कोटाखाली त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की त्यांना मोटर धरल्यासारखं वाटलं. राखणदाराने पक्कड लावली.

"सरळ ओढता येत नाही," तो म्हणाला. "टोकाला उलटा काटा असतो, बघा. मागे ओढला की मांस फाडतो. आधी पुढे ढकलून बाहेर काढायचा, काटा कापायचा, मग मागे घ्यायचा."

त्याने ढकललं. पक्ष्याने मान ताठ केली, चोच उघडली आणि पोटातलं सगळं ताईंच्या गळ्यावर ओकलं. अर्धवट पचलेले मासे, कोमट, चिकट. ते कपड्याच्या गळ्यातून आत घसरत गेले. एक छोटा मासा अखंड होता, डोळ्यासकट. तो त्यांच्या गळ्याच्या हाडापाशी अडकला.

ताईंच्या तोंडून आवाज निघाला, पण शब्द नव्हता. हात मात्र सुटले नाहीत.

"झालं, झालं," राखणदार म्हणाला. "आता सोडला तर पंख जाईल त्याचा."

"मी... सोडत... नाहीये. तुम्ही... कापा लवकर!"

कट् असा आवाज झाला. गळ निघाला. राखणदाराने कोट उचलला, तसा पक्षी त्यांच्या मनगटाला एक चोच मारून पाण्याकडे पळाला. उडाला नाही, पोहत आत गेला आणि बुडी मारली. ताई चिखलात गुडघ्यांवर बसून पोट पार रिकामं होईपर्यंत ओकल्या. राखणदार पाण्याची बाटली धरून पाठमोरा उभा राहिला. त्याला तेवढी रीत होती.

तशाच अवस्थेत त्या धाकट्याच्या घरी गेल्या. भावजयीने दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, वन्सं! हे काय?"

"तुझा नवरा कुठाय?"

धाकटा शेडमधून आला आणि दोन पावलं मागे गेला. "ताई, आधी आंघोळ कर बाई! तुझ्या अंगाला..."

"माहितीय काय आहे अंगाला. ऐक. उद्यापासून गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. आणि तीन तोंडांचे गळ बंद. एका माशाला एक गळ, एक तोंड. तरच मी हात मारीन."

"वेडी झालीस का? काटा नसेल तर मासा सुटेल!"

"सुटू दे."

"लोक हसतील मला! त्या फोटोवर किती जणांनी विचारलंय ठाऊक आहे? चाळीस जणांनी!" मग तो नरमाईने म्हणाला, "अगं, कधीतरी एखादा पक्षी अडकतो. जगात काय काय चाललंय. आणि तुला कधीपासून पक्ष्यांचं प्रेम आलं? तुला तर पिसं बघूनसुद्धा मळमळतं."

"अजूनही मळमळतं," ताई म्हणाल्या. "पण तुझा तो फोटो बघून जास्त मळमळलं. आणि फोटोतलं काम माझं आहे."

धाकट्याने नकारार्थी मान हलवली. ताईंनी शेडमधल्या कपाटातून आपले तीन ब्रश घेतले, थिनरमध्ये धुतले, पुसले आणि घरी गेल्या.

त्यांना वाटलं होतं, आठवड्यात येईल. धाकट्याला तोललेलं रेझिन कालवता यायचं नाही, मासे पुन्हा चिकट होतील, पुन्हा नाकाखाली थेंब लोंबतील. तसं झालं नाही. त्याने त्यांच्याच खात्यातल्या एका माणसाला गाठलं, ताईंनीच शिकवलेल्या. महिन्याभराने भावजय एक नवा मासा घेऊन आली. ताईंनी उजेडात फिरवून बघितला. बुडबुडा नाही, केस नाही, भोकाच्या आतही सील चोख. खोट काढायला जागा नव्हती, आणि आपण ती शोधत होतो हे लक्षात आल्यावर त्यांनी तो चटकन खाली ठेवला.

"चांगला माणूस मिळाला," त्या म्हणाल्या. "आणि गळ तेच?"

"गळ तेच," भावजय म्हणाली. "तीन तोंडांचे. ते मला बदलता येत नाहीत, ते हे मोजून देतात." मग तिने मासा उलटा केला. "पण बोट लावून बघा."

ताईंनी बिचकत टोकाला बोट लावलं. उलटा काटा सपाट होता. तिन्ही टोकांचा.

"खोक्यात मीच भरते ना," भावजय म्हणाली. "टीव्ही बघता बघता दाबते पकडीने. यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावायला लाज वाटते."

"कुणी तक्रार नाही केली?"

"दोघांनी केली. मासा सुटला म्हणे. मी सांगितलं, तुम्ही ओढायची घाई केलीत."

ताईंना फार दिवसांनी हसू आलं. मग भावजय म्हणाली, "तुम्ही दर शनिवारी तळ्यावर जाता ना, दोऱ्या काढायला? मी पण येऊ का? पण मला ओकारी येते हो घाणीची."

"मलाही येते," ताई म्हणाल्या. "दर वेळी येते. जुने कपडे घाल, आणि सकाळी काही खाऊन येऊ नकोस."

शनिवारी दोघी गेल्या. चिखलाच्या काठाला पोचायच्या आधीच वाऱ्यावर तो वास आला आणि भावजय झाडाआड पळाली. ताई दोन्ही पकडी हातात घेऊन, तोंड वाकडं करून, तिची वाट बघत उभ्या राहिल्या.